घर सांभाळणारीचं घर कुणाच्या नावावर?

दरवर्षी मे महिन्यात मातृदिन जवळ आला की एक तक्ता फिरायला लागतो. स्वयंपाकीण, आया, शिकवणीच्या बाई, नर्स, ड्रायव्हर, प्रत्येकाचा महिन्याचा दर आणि खाली ठळक अक्षरांत बेरीज: घरी असणाऱ्या आईचा पगार. लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, हा पगार सरकारनं नाहीतर नवऱ्यानं द्यायलाच हवा. दुसरा म्हणतो, आईची माया पैशात तोलणं हाच तिचा अपमान, आई अमूल्य असते. डिसेंबर २०२० मध्ये कमल हासन यांच्या पक्षानं तमिळनाडूतल्या गृहिणींना मानधनाचं आश्वासन दिलं तेव्हा असंच झालं, २०२४ मध्ये आपल्याकडे लाडकी बहीण योजना आली तेव्हाही असंच. मी मुलुंडला राहते, दोन मुलांची पूर्णवेळ घरी असणारी आई आहे. माझं मत असं की दोन्ही तट चुकीच्या प्रश्नावर भांडताहेत. घरी राहणाऱ्या आईला पगार नको, हिस्सा हवा. लग्नानंतर त्या संसारात जे उभं राहिलं, फ्लॅट, ठेवी, भविष्य निर्वाह निधी, त्यात तिची निम्मी मालकी हवी. कायद्यानं हवी, आणि संसार नीट चालू असतानाच हवी.

आधी त्या तक्त्याबद्दल. तो कामं मोजतो आणि तिथेच फसतो, कारण लहान मुलांच्या आईचा दिवस सुट्या सुट्या कामांचा नसतोच. सकाळी पाणी यायच्या वेळेला उठावं, कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत धाकटीचा एक मोजा सापडू नये, तो शोधताना दप्तराच्या तळाशी मोठ्याची डायरी सापडावी आणि तीत लिहिलेलं असावं की आज पांढरा गणवेश. पांढरा गणवेश दोरीवर ओला. तो इस्त्रीनं वाळवेपर्यंत दूध उतू गेलेलं, आणि खालून शाळेच्या व्हॅनवाल्या काकांचा हॉर्न. रात्री नऊ वाजता सगळं आवरल्यावर धाकटी शांतपणे सांगते, ‘आई, उद्या मला भेंडी व्हायचंय.’ शाळेत भाज्यांची वेशभूषा आहे, हे तिला आठवडाभर माहीत होतं. धावत खाली जावं तर स्टेशनरीवाला अर्धं शटर ओढून बसलेला, बाहेर आणखी दोन आया उभ्या, आणि तिघींनाही हिरवा क्रेप कागदच हवा असतो. आम्ही तिघी तिथे फुटपाथवर पोट धरून हसतो. घरी येऊन अकरापर्यंत भेंडी शिवली जाते आणि सकाळी कळतं की बाईंनी तिला टोमॅटो सांगितला होता. यातला कुठला तास स्वयंपाकिणीच्या दरानं लावायचा आणि कुठला शिंप्याच्या? या कामाचा गाभा म्हणजे कुणीतरी कायम हाताशी असणं, आणि सगळ्यांचं सगळं त्या एका डोक्यात असणं. हाताशी असण्याचा दर बाजारात नाही, कारण बाजारात तास विकत मिळतात, कुणाचं अख्खं आयुष्य राखून ठेवता येत नाही.

आणि ती फक्त स्वतःच्या घराच्या हाताशी नसते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये रेड अलर्ट आला की शाळांना सुट्टी जाहीर होते, कित्येकदा मुलं निघायच्या बेतात असताना. ऑफिसांना सुट्टी नसते. अशा सकाळी प्रत्येक इमारतीत एका ठराविक दारावरची बेल वाजते. ‘वहिनी, आज जरा ठेवून घ्याल का? मी चारपर्यंत येते, लोकल चालू राहिल्या तर.’ दुपारी बाराला माझ्या हॉलमध्ये माझी दोन धरून सहा मुलं असतात. एकाला दहीभात हवा असतो, पण दही वेगळं आणि भात वेगळा. एक आईच्या आठवणीनं रडत असतो, आणि त्याला गप्प करायला दुसरी आमच्या दिवाळीच्या रांगोळीचे डबे काढून सोफ्यावर इंद्रधनुष्य काढत असते. त्याच वेळी गॅसचा सिलिंडर येतो, समोरच्यांचं पार्सल येतं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा फोन येतो की चावी आत राहिली. मला हे दिवस आवडतात, खरंच आवडतात. पण त्या दिवशी बीकेसीतल्या, फोर्टातल्या, अंधेरीतल्या चार खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत, त्याचं कारण हा हॉल होता. पगाराचा तक्ता करणारा हिशेबाला बसतो तेव्हा त्याला एक नवरा, एक बायको आणि दोन मुलं दिसतात. या शहराची निम्मी हजेरी कुणाच्या तरी घरी असण्यावर उभी आहे, हे त्याला दिसत नाही.

सरकारला मात्र आता हे दिसायला हरकत नाही, कारण त्यानंच ते मोजलंय. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनमोबदला कामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं आलं, पुरुष ८८. माणसं सांभाळण्याची मिनिटं त्याहून वेगळी, तिथे १३७ आणि ७५. आधीच्या, म्हणजे २०१९ च्या पाहणीत घरकामाचे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांची नऊ.

‘अमूल्य’ म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. ती अमूल्य आहे, तर तिची किंमत लावायची वेळ कायद्यावर तिच्या मृत्यूनंतरच का येते? मोटार अपघातात गृहिणी गेली तर भरपाईसाठी तिचं मासिक उत्पन्न गृहीत धरावं लागतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या दुसऱ्या परिशिष्टात न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावणाऱ्याच्या एक तृतीयांश धरलं होतं. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीतल्या बळींच्या भरपाईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेलं, त्याचा निकाल २००१ मध्ये लागला आणि त्यात गृहिणीच्या सेवेचं मोल महिना ३,००० रुपये धरलं गेलं. २०१० मध्ये त्याच न्यायालयानं नाराजीनं नोंदवलं की २००१ च्या जनगणनेनं घरकाम करणाऱ्या कोट्यवधी बायकांना काम न करणाऱ्यांत घालून भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलंय. २०२१ मध्ये न्यायालयानं पुन्हा ठणकावून सांगितलं की गृहिणीचं गृहीत उत्पन्न धरणं हा तिच्या श्रमाचा मान आहे. हे सगळे निकाल चांगले आहेत, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण ते मिळाले ते गेलेल्या बाईच्या मागे राहिलेल्यांना. ती असताना तिच्या नावावर काय होतं?

आता पगाराची मागणी करणाऱ्यांचं म्हणणं. ते हलकं नाही, आणि त्यातला सगळ्यात भक्कम मुद्दा मी आधीच मान्य करते: हातात येणारे रोख पैसे बाईचं घरातलं स्थान बदलतात. लाडकी बहीण योजनेच्या १,५०० रुपयांना नाक मुरडणाऱ्यांनी भांडुपच्या किंवा मानखुर्दच्या एखाद्या बाईला विचारावं की स्वतःच्या खात्यातून मुलाच्या सहलीचे पैसे काढताना कुणाची परवानगी लागली नाही, तर कसं वाटतं. या मागणीमागे इतिहासही आहे. १९७० च्या दशकात इटलीत घरकामाला वेतन मागणारी चळवळ उभी राहिली आणि पुढे इतर देशांत पसरली. तिनं जगाला पहिल्यांदा मोठ्या आवाजात सांगितलं की कारखान्यातला कामगार सकाळी ताजातवाना उभा राहतो तो कुणाच्या तरी फुकट श्रमावर. हे ऋण मी नाकारत नाही.

पण पगार देणार कोण? २०१२ मध्ये तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री कृष्णा तीरथ यांनी सुचवलं होतं की नवऱ्याच्या पगारातला ठराविक भाग बायकोच्या खात्यात जावा. ऐकायला बरं वाटतं. पण ज्या क्षणी नवरा पगार देतो त्या क्षणी तो मालक होतो आणि बायको नोकर. पगाराबरोबर रजेचा अर्ज येतो, कामाचा दर्जा येतो, ‘तुला पैसे कशाचे देतो’ हे वाक्य येतं. आज निदान ते वाक्य बोलणाऱ्याला लाज वाटावी अशी अपेक्षा तरी आहे. सरकारनं द्यायचं म्हटलं तर रक्कम मदतीची होते, तिला उत्पन्नाची अट लागते, दर निवडणुकीत ती वाढवण्याची बोली लागते आणि एखाद्या छाननीत नाव वगळलंही जातं. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, आणि गरिबांसाठीच्या योजनेत ती असायलाच हवी. पण त्याचा अर्थ असा की ते पैसे गरजेपोटी मिळतात, श्रमापोटी नाही. पगाराविरुद्धचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा आणखी वेगळा आहे. पगार दर महिन्याला हिशेब चुकता करतो. मग दहा-बारा वर्षांनी काय उरतं? त्या वर्षांत बाईचं जे गेलं, नोकरीतली ज्येष्ठता, ग्रॅच्युइटी, निधी, ओळखी, हातातलं कौशल्य, त्याची भरपाई महिन्याच्या रकमेत कधीच होत नाही.

हे जे जातं ते कसं जातं, ते मुंबईत नीट पाहता येतं. ‘तिनं स्वतःच तर नोकरी सोडली’ हा आमच्याविरुद्धचा ठेवणीतला युक्तिवाद. सोडली, खरं आहे. पण कशी? कल्याणहून किंवा विरारहून सीएसएमटीला किंवा चर्चगेटला जाणारी दोन माणसं सकाळी आठला बाहेर पडतात, रात्री आठला परततात. पाळणाघर सातला बंद होतं. २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. ज्या ऑफिसात तीस माणसं आहेत तिथल्या आईनं काय करायचं? मग एका रात्री नवरा-बायको वही घेऊन बसतात. पाळणाघराची फी, प्रवास, बाई, आजारपणातल्या बिनपगारी रजा हे सगळं कुणाच्या पगारातून वजा होतं? बायकोच्याच, कारण बहुधा तिचाच पगार कमी असतो. बाकी शून्याच्या आसपास येते आणि ठरतं की तिनं थांबावं. निर्णय दोघांचा असतो, फायदाही दोघांचा आणि मुलांचा. तोटा मात्र एकटीच्या खात्यावर जातो. नवऱ्याची पुढची वीस वर्षांची बढती त्या वहीतल्या बेरजेवर उभी राहते, मग ती बढती त्याच्या एकट्याची कशी?

इथे नोकरी करणारी आई विचारते, आणि तिला तो हक्क आहे: ‘मी तर दोन्ही करते, मग माझं काय?’ तिचाही हिस्सा हवाच, अगदी याच कारणानं. लग्नातल्या कमाईची निम्मी मालकी दोघांनाही लागू असावी. घरी राहणारा बाप असला तर त्यालाही. आणि तिच्या घरातल्या २८९ मिनिटांचा प्रश्न तिनं आणि मी मिळून नवऱ्यांना विचारायचा आहे, एकमेकींना नाही.

मला सगळ्यात बोचणारा आक्षेप वर्गाचा आहे. ‘तुम्ही फ्लॅटमधल्या बायका. तुमच्याकडे भांड्यांना बाई येते, तिला तुम्ही किती देता? तुमचं दुःख ते काय.’ हा आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही. आमच्या घरी येणारी ताई तिच्या घरची गृहिणी आहे आणि आमच्या घरची कामगार. महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, तो आमच्या इमारतींत कुणाच्या गावीही नसतो, ही शरमेची गोष्ट आहे. पण याच आक्षेपाच्या पोटात माझ्या मागणीचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की पुनर्वसनात मिळणारं घर झोपडीधारक आणि त्याचा जोडीदार या दोघांच्या संयुक्त मालकीचं असेल आणि गृहनिर्माण संस्थेच्या भागपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, दोघांची नावं असतील. म्हणजे जिच्या नवऱ्याला पुनर्वसनाचं घर मिळालं, त्या ताईचं नाव घराच्या कागदावर येण्याची तरतूद आहे. तिच्या हातची भांडी घासून घेणाऱ्या, पंचविसाव्या मजल्यावरच्या बाईसाठी अशी कोणतीही सक्ती नाही. गरीब घरात नवऱ्यानं घर विकून बायकोमुलांना रस्त्यावर आणू नये, म्हणून सरकारला ही काळजी घ्यावीशी वाटली, आणि बरोबरच वाटली. तोच नवरा टॉवरमध्ये राहायला गेला की अचानक भरवशाचा कसा होतो?

हिस्सा मागितला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: घरं मोडतील. हे वाक्य आपण याआधीही ऐकलंय. हिंदू कोड बिलात बायकांना मालमत्तेत हक्क देण्याची गोष्ट आली तेव्हा कुटुंबसंस्था कोसळणार म्हणून एवढा गदारोळ झाला की बिल रखडलं, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत जन्मानं हक्क दिला, देशानं दिला त्याच्या अकरा वर्षं आधी. तेव्हाही म्हटलं गेलं की भाऊबीज बंद पडेल. भाऊबीज चालू आहे. ज्या घरांत तेवढ्यानं बोलणं तुटलं, तिथे नातं बहिणीच्या गप्प राहण्यावर टिकलं होतं. आपल्या शेजारी, सावंतवाडी ओलांडली की, गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेनुसार लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि स्थावर मालमत्ता विकायला बायकोची संमती लागते. तिथेही सगळं आदर्श नाही. कारभार नवऱ्याच्याच हाती ठेवणारी त्या संहितेतली तरतूद मला पटत नाही. पण गोव्यातली लग्नं त्या नियमानं मोडून पडली, असं कुणी म्हणू शकेल का?

आणि आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर चांदवडचं घ्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन तिथे झालं. पुढे काही वर्षांत संघटनेचे नेते शरद जोशींनी ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली: शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करावा. कायद्याची सक्ती नसताना गावोगावच्या शेतकऱ्यांनी ते केलं. खेड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला जे उमगलं ते मुंबईतल्या पदवीधर नवऱ्याला जड का जावं?

मुंबईलाही स्वतःचा दाखला आहे. गिरणगावात गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका वर्षानुवर्षं सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. त्यांच्या हाताला चव होती, कष्टाला सुमार नव्हता, सगळे त्यांना अन्नपूर्णा म्हणत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळवून देत. पोळ्या त्याच होत्या, भाजी तीच होती. नाव बँकेच्या वहीत आल्यावर त्यांची परिस्थिती पालटली. त्याच दशकात महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे लाटणी घेऊन हजारो गृहिणी मुंबईच्या रस्त्यांवर उतरल्या होत्या. तेल, रवा, साखरेचा भाव मंत्र्यांपेक्षा त्यांना जास्त पाठ होता. घरचं अर्थकारण चालवणाऱ्या या बायकांना घरच्या अर्थकारणात मालक मानायचं नाही, हा हट्ट आता किती दिवस चालणार?

मालकी नसल्यामुळे काय होतं ते ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर सगळ्यांनी पाहिलं. डाळीच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून नोटा बाहेर आल्या आणि त्या ‘लपवलेल्या’ ठरल्या. अशा बचतीबद्दल कराची नोटीस आलेल्या एका गृहिणीच्या बाजूनं प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाला २०२१ मध्ये निकाल द्यावा लागला. आपण वाचवलेला पैसा आपलाच आहे हे सांगायला बाईला न्यायाधिकरणापर्यंत जावं लागतं.

एक व्यावहारिक आक्षेप उरतो. मुंबईतला फ्लॅट वीस वर्षांच्या कर्जावर असतो. निम्मा फ्लॅट नावावर असून त्यातून आजची भाजी येत नाही. खरं आहे. आणि हिस्सा म्हटला की कर्जाचाही हिस्सा येतो, तोही मी मान्य करते. पण मालक असलेल्या बाईच्या सहीशिवाय ते घर गहाण पडत नाही, विकलं जात नाही, आणि भांडणात तिला ‘निघ इथून’ म्हणता येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं राहण्याचा हक्क दिलाच आहे, असं कुणी म्हणेल. राहण्याचा दिला. मालकीचा नाही. घटस्फोटाच्या वेळी पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देणारं विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, ते लोकसभेच्या मुदतीबरोबर बुडालं. ते केवळ मोडलेल्या संसारांपुरतं होतं, तरीही ती सुरुवात झाली असती. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं एक पाऊल पुढे जाऊन सांगितलं की पतीनं संसारात घेतलेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या पत्नीचं अप्रत्यक्ष योगदान असतं आणि म्हणून तिला समान वाटा मिळायला हवा.

विवाह आणि वारसा हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे त्यांवर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, म्हणून तर १९९४ चा कायदा महाराष्ट्राला करता आला. लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता, वारसानं किंवा भेट म्हणून आलेली वगळून, दोघांची निम्मी-निम्मी, असा कायदा आपली विधानसभा आणू शकते. तोवर सरकारनं एक गोष्ट लगेच करावी. एप्रिल २०२१ पासून घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर नाही. ती संयुक्त खरेदीलाही द्यावी. आणि ज्यांचं घर आधीच नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे त्यांच्यासाठी महाराष्ट्रात सोय आहे: राहतं घर पत्नीला बक्षीसपत्रानं (गिफ्ट डीड) देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये लागतं, बाकी नोंदणीचा आणि स्थानिक कराचा खर्च, कर्ज चालू असेल तर बँकेची परवानगी. निम्मा हिस्साही असा देता येतो. पुष्कळ नवरे म्हणतात, ‘मी तिला नॉमिनी केलंय की.’ नॉमिनी मालक नसते. मालकाच्या पश्चात वारसांसाठी ते सांभाळणारी असते, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा स्पष्ट केलंय. म्हणून आमच्या मुलुंडच्या बायकांना मी सांगते की सोसायटीच्या ऑफिसात जाऊन नॉमिनीचा फॉर्म नको, भागपत्र मागा, आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते वाचा.